घासाघीस करून घेतलेली तुळस

सोलापूरहून निघालेली आमची गाडी सकाळी सातच्या सुमाराला आवडी स्टेशनातून न थांबता निघून गेली आणि माझ्या चेन्नईच्या प्रवासातला पहिला तोटा तिथेच झाला. माझा धाकटा भाऊ बाळू त्या स्टेशनापासून दहा मिनिटांवर राहतो. पण आमच्या गाडीला थेट चेन्नई सेंट्रललाच थांबायचं होतं. म्हणजे आधी वीस-पंचवीस किलोमीटर पुढे जायचं, सामान उतरवायचं, ते ओढत शेजारच्या उपनगरी स्थानकात न्यायचं आणि पुन्हा तिकीट काढून त्याच रुळांवरून मागे यायचं. तिकीट काही महाग नव्हतं. तरी ते काढताना माझा जीव थोडा वरखाली झाला, कारण मी काटकसरी आहे. आमचे हे त्यासाठी वेगळा शब्द वापरतात, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही.

सोलापुरात माझं चादरी-टॉवेलांचं दुकान आहे. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यातली निम्मी वर्षं मी गिऱ्हाइकांशी घासाघीस करण्यात घालवली आणि उरलेला वेळ दुसऱ्या दुकानदारांशी. अशी मी बाई, पण चेन्नईला मात्र आपण होऊन खर्च करायला निघाले होते. मला हातावर टॅटू काढून घ्यायचा होता. शक्य तितक्या स्वस्तात, हे वेगळं सांगायला नको.

बाळू आवडीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात आहे. त्याला मिळालेलं क्वार्टर लहान, पण परिसर मोठा झाडीचा आहे. एकसारखी पिवळी घरं, मधून सरळ रस्ते आणि प्रत्येक दारापुढे सकाळी सकाळी काढलेलं कोलम (तांदळाच्या पिठाची रांगोळी). मी पोचले तेव्हा शेजारच्या घरापुढे एक बाई कमरेत वाकून शेवटची रेघ ओढत होत्या. हात न थांबवता त्यांनी मान वर केली आणि माझ्याशी मराठीत बोलल्या, "या हो या. तुम्हीं बाळूची थोरली बहीण की?" मी चाटच पडले. पण त्यांच्याबद्दल पुढे सांगते. आधी आई.

आई व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती. ती एक्याऐंशी वर्षांची आहे आणि तीन वर्षांपासून बाळूकडे असते. गेलं दीड वर्ष ती माणसं विसरत चालली आहे. बाळूला ती कधी ओळखते, कधी त्याला आपला भाऊ समजते. मी वाकून नमस्कार केला. तिने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं, पण ते प्रेम पाहुणीवरचं होतं.

"कुणाची गं तू?" तिने विचारलं. "हात दाव बघू."

मी दोन्ही हात पुढे केले. तिने माझा डावा हात उलटा करून मनगटाच्या वरची जागा नीट पाहिली. तिथे काहीच नव्हतं. "बरं, बरं," असं म्हणून तिने हात सोडून दिला आणि माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.

हे हात पाहणं म्हणजे काय ते मला बाळूने फोनवर आधीच सांगितलं होतं. आईच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला एक छोटं तुळशी वृंदावन गोंदलेलं आहे आणि त्याच्याखाली पाच ठिपके. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तिघी बहिणींनी एकाच दिवशी, एकीशेजारी एक बसून ते गोंदवून घेतलं होतं. कुणाला कुठलं सासर मिळेल सांगता येत नाही, पुन्हा भेटी कधी होतील तेही नाही, तेव्हा खूण असावी म्हणून. त्या दोघी आता नाहीत. पण आईच्या डोक्यात एवढं पक्कं बसलंय, की जिच्या हातावर ही तुळस ती आपली. त्यामुळे दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत जो येईल त्याचा हात ती पाहते.

मी नववीत होते तेव्हा आईने मला तसंच गोंदवून घ्यायला सांगितलं होतं. वर्गातल्या मुली हसतील म्हणून मी नको म्हटलं आणि दोन दिवस रुसून बसले. आईने पुन्हा विषय काढला नाही. आता इतक्या वर्षांनी मला ती तुळस हवी होती. आईने मला एकदा तरी ओळखावं, "सुमे" म्हणून हाक मारावी, एवढ्याचसाठी मी आले होते. परतीचं तिकीट नऊ दिवसांनंतरचं होतं.

दुपारी बाळूच्या बायकोने, विजयाने, बटर पेपर दिला. आईचा हात उशीवर ठेवून मी बॉलपेनने ते गोंदण छापून घेतलं. रेषा आता पसरून हिरव्या-निळ्या झाल्या आहेत आणि वृंदावनाची एक बाजू जराशी कललेली आहे. आई हात अजिबात न हलवता बसली होती. मी मेंदी काढतेय असं तिला वाटलं असावं, कारण मधेच ती म्हणाली, "रंगू दे चांगली."

शेजारच्या बाईंचं नाव ताराबाई. तंजावूरकडच्या मराठी कुटुंबातल्या. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. त्या शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. मुलगी सिरुसेरीला मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आणि मुलगा इथेच कारखान्यात, म्हणून त्या या वसाहतीत. त्यांचं मराठी ऐकताना मला सारखं वाटायचं की कुणी जुनी पोथी तमिळ चालीवर वाचतंय. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला जेवायला बोलावलं आणि पानात डांगर पच्चडी वाढली. उडदाचं भाजलेलं पीठ ताकात कालवलेलं, वर फोडणी. म्हणजे आपलं डांगरच की! मी तसं म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला, की मला तिसऱ्यांदा वाढून घ्यावंच लागलं.

त्यांना मी बटर पेपर दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"आमच्यांतही करत होतीं अस्की (सगळ्या) बायका. पच्चै कुत्तुदल (गोंदणं) म्हणतात तमिळांत. माझ्या आजीच्या हातावर कोलम होतें. मलाही फार पाह्जे होतें हो. पण शाळेची टीचर, पोरें काय म्हणतील म्हणून राहिलें."

"मग आता करा की माझ्यासोबत," मी म्हटलं. "दोघी असलो तर भाव कमी करून घेता येईल."

शेवटचं वाक्य मी मनापासून म्हटलं होतं. गणिताच्या बाईंनाही ते लगेच पटलं. त्यांच्या मुलीने फोनवर दोन-तीन ठिकाणं सुचवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी, एकूण वय एकशे एकवीस, टॅटू काढायला लोकलने निघालो.

पहिलं ठिकाण शहराच्या उंची वस्तीत होतं. काचेचं दार, आत इतका गारवा की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. भिंतीवर वाघ, गरुड, कवट्या. दाढीवाल्या तरुणाने आम्हाला कॉफी दिली आणि आम्ही कुणाला तरी न्यायला आलो आहोत असं समजून विचारलं, "मुलगी आत आहे का?" टॅटू आम्हालाच काढायचाय हे ऐकून तो सरळ होऊन बसला. मग त्याने बटर पेपर पाहिला, पट्टी लावून मोजला आणि सहा हजार सांगितले.

मी हसले. सहा हजारांत माझ्या दुकानात दोन लग्नांचा आहेर होतो.

मी माझं सगळं कसब पणाला लावलं. रंग नको, नुसता काळा. आकार लहान. नक्षी आम्हीच आणली आहे, तुम्हाला डोकं चालवायचं नाही. बायका दोन आहेत. ताराबाई माझं एकेक वाक्य तमिळमध्ये सांगत होत्या आणि मला वाटतं आपल्याकडचेही दोन-चार मुद्दे त्यात घालत होत्या, कारण त्यांचं बोलणं माझ्यापेक्षा लांब व्हायचं. तो प्रत्येक वेळी नम्रपणे मान हलवायचा आणि म्हणायचा, "फिक्स्ड रेट, मॅडम."

शेवटी मी आमच्या धंद्यातलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. उठले, पिशवी खांद्याला लावली, "राहू दे" म्हटलं आणि दाराकडे चालू लागले. सोलापुरात गिऱ्हाईक असं उठलं की तिसऱ्या पावलाला दुकानदार हाक मारतो. मी तरी मारतेच. इथे तिसरं पाऊल झालं, पाचवं झालं, काचेचं दार आमच्यामागे हळूच बंद झालं, आणि आम्ही दोघी उन्हात उभ्या. कुणी हाक मारली नाही. मी चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने आणखी जराशी थांबले, तरीही नाही.

"मागें वळून पाहूं नका," ताराबाई म्हणाल्या. "मान जाईल."

तिथून बसने आम्ही मरीनाच्या किनाऱ्यावर गेलो, ते खरं म्हणजे वाऱ्यासाठी. समुद्र लांबवर, त्याआधी रुंदच रुंद वाळू, आणि वाळूत भजी, कैऱ्या, फुगे विकणाऱ्यांच्या गाड्या. तिथेच छत्रीखाली सतरंजी टाकून एक माणूस मशीन घेऊन बसला होता. पुठ्ठ्यावर नक्षीचे नमुने चिकटवलेले. भाव दोनशे रुपये! सहा हजारांनंतर दोनशे ऐकले की माणसाचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. ताराबाई काही म्हणायच्या आत मी सतरंजीवर बसले होते आणि हात पुढे केला होता.

सुदैवाने माझ्या आधी एक नवविवाहित जोडपं होतं. आधी नवऱ्याच्या हातावर काम झालं. त्या माणसाने सुई एका फडक्याने पुसली, त्याच झाकणातल्या शाईत बुडवली आणि बायकोचा हात धरला. ताराबाईंनी वरून शाळेतल्या आवाजात विचारलं, सुई नवी घेणार की नाही? तो अजिबात न रागावता म्हणाला, रोज सकाळी गरम पाण्याने धुतो, पाटी (आजी), काळजी करू नका.

मी हात मागे घेतला. लाज वाटली, ती त्याची नाही, माझी. आईसाठी म्हणून आले होते आणि स्वस्त दिसल्याबरोबर कावीळ घेऊन घरी जायला बसले होते. ताराबाईंनी त्या मुलीलाही काहीतरी सांगितलं. ती घाबरून उठली आणि नवऱ्याला ओढत घेऊन गेली. त्या बिचाऱ्याला मात्र सुई आधीच लागून गेली होती. आम्हीही भराभर वाळू तुडवत निघालो, कारण मागून आता बरंच काही ऐकू येत होतं.

भूक लागली होती. एका साध्या खानावळीत केळीच्या पानावर जेवलो. भात, सांबार, रसम, दोन भाज्या, ताक, आणि काहीही कितीही वेळा. या शहराबद्दल माझं मत तिथे पुन्हा चांगलं झालं. मी रसम ओंजळीत घेऊन प्यायचा प्रयत्न केला, शेजारचे गृहस्थ तसं करत होते म्हणून. ते माझ्या हातावरून कोपरापर्यंत गेलं. वाढणाऱ्याने न सांगता मला वाटी आणून दिली आणि रसमचा दुसरा हप्ताही.

"आजचें पुरे," ताराबाई म्हणाल्या. "उद्यां गिंडीला जाऊं. मुलगीनें सांगितलें तें शेवटचें ठिकाण. तेथें आधीं मी बोलत्यें, तुम्हीं गप्प."

गिंडीची औद्योगिक वसाहत पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं. छोटे छोटे कारखाने, लेथचा आवाज, तेलाचा वास, दारात डबे धुणारे कामगार. एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या डोक्यावर, लोखंडी जिना चढून गेलं की ते दुकान. इथे वाघ-गरुड नव्हते. एक स्वच्छ पांढरी खोली, एक खुर्ची, एक दिवा आणि कयल नावाची तिशीतली मुलगी. आधी सिरुसेरीला संगणकावर काम करायची, ते सोडून हे सुरू केलं. इथे का, असं ताराबाईंनी विचारलं तर तिने पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवलं. खालून धडधड येत होती. भाडं कमी, ती म्हणाली. मला ती तिथेच आवडली.

कयलने बटर पेपर उजेडात धरला आणि ही कुणाची नक्षी ते विचारलं. ताराबाईंनी सांगितलं. बहिणींचं, विसरण्याचं, हात पाहण्याचं, सगळं. तमिळ मला कळत नाही, पण कुठल्या जागी काय सांगितलं ते कळत होतं. कयलने बटर पेपर जपून दिव्याखाली ठेवला. मग भाव सांगितला. छोटं असो की मोठं, एका बैठकीचे कमीत कमी दोन हजार, त्यात दोन इंचांपर्यंत काम.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. माझी तुळस जेमतेम एक इंच. ताराबाईंचं कोलम एक इंच. दोन इंचांचे दोन हजार, म्हणजे हजार-हजार! ताराबाईंनी हे गणित शिक्षिकेच्या सगळ्या थाटात कयलसमोर मांडलं. पहिला इंच या बाईंच्या हातावर, दुसरा माझ्या हातावर, बैठक एकच. रिक्षात दोघी बसलो तर रिक्षावाला दुप्पट घेतो का?

कयलने आधी ताराबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग ती पोट धरून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. हसणं थांबल्यावर तिने खणातून एक बंद पाकीट काढून आमच्यापुढे धरलं. आत एकच सुई. ही तुमच्यासमोर काढायची, एकीपुरतीच वापरायची आणि तुमच्यासमोर टाकायची. शाईची वाटी, हातमोजे, खुर्चीवरचं प्लास्टिक, सगळं तसंच. रिक्षा एक असेल अक्का (ताई), पण सुई एकीचीच.

कालच्या सतरंजीनंतर आम्हाला हे लगेच पटलं. ताराबाई म्हणाल्या, "सरि (बरोबर आहे)," आणि पर्स उघडायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. गप्प राहायचं वचन तोवर पाळलं होतं, आता पुरे झालं.

ताराबाईंना मधे घालून मी तिला विचारलं, आज मंगळवार, तुझी खुर्ची रिकामी का? तिने सांगितलं, माझी गिऱ्हाइकं सगळी सॉफ्टवेअरवाली, ती शनिवार-रविवारी येतात. मग मी म्हटलं, माझ्या दुकानातही दुपारी दोन ते चार कुणी येत नाही. त्या वेळेत जी येते तिला मी भाव तोडून देते, कारण पंखा तर चालूच असतो. सुई नवी, मोजे नवे, त्यातला एक पैसा कमी करू नकोस. पण नक्षी तयार आहे, रंग एकच आहे, आणि तुझा वेळ रिकामा जाणार होता, त्याचं काय ते बघ.

कयलने दंडावरच्या स्वतःच्या माशांच्या नक्षीवरून बोट फिरवलं आणि दीड हजार म्हणाली. प्रत्येकी. मी उठले नाही, पिशवी खांद्याला लावली नाही. दीड हजाराला लगेच हो म्हटलं. घासाघिशीत इतक्या लवकर मी आयुष्यात कधी हो म्हटलं नव्हतं.

पाकीट माझ्यासमोर फुटलं. कयलने विचारलं, कललेली बाजू सरळ करू का? मी नको म्हटलं. आईच्या हातावर आहे तशीच. मग तो बारीक गुणगुणणारा आवाज सुरू झाला. दुखतं का? दुखतं. रेषांना सोसवतं, ठिपक्यांना मी "आई गं" म्हणून ओरडले, आणि ते शब्द तोंडातून गेल्यावर एकदम रडायलाच आलं. कयलने मशीन थांबवून पाणी दिलं. ताराबाईंनी माझा उजवा हात घट्ट धरून ठेवला. तीन बहिणी शेजारी शेजारी बसल्या असतील तेव्हा हेच झालं असेल, असं मला वाटलं, आणि माझं रडणं जरा आणखी वाढलं.

ताराबाई मात्र हूं की चूं न करता बसल्या आणि सगळा वेळ कयलच्या लग्नाची चौकशी करत राहिल्या. त्यांच्या मनगटाजवळ आता पाच ठिपक्यांभोवती वळसे घेणारं इवलंसं कोलम आहे. परतताना लोकलमध्ये त्यांनी ते समोरच्या अनोळखी बाईला दाखवलं आणि तिला पत्ताही दिला. कयल सांगत होती ते मलम आम्ही तिच्याकडून न घेता औषधाच्या दुकानातून घेतलं. तेही तिनेच सुचवलं, कारण तिथे ते अर्ध्या किमतीत मिळतं. कयलकडून निघताना मी तिला सोबत आणलेली सोलापुरी चादर देऊन टाकली होती. बाळूने हिशेब करून सांगितलं, की चादर धरली तर मी काहीच वाचवलं नाही. मी त्याला सांगितलं, चादर धरू नकोस.

चार दिवस हातावर पारदर्शक पट्टी होती. त्या दिवसांत मी डावा हात पदराखाली ठेवला आणि आईने हात मागितला की उजवा पुढे करायचे. आईला लालसर, सुजलेलं काही दाखवायचं नव्हतं. मी तिचे केस विंचरले, तिला शेंगांची चटणी आणि दही-भात भरवला. ती मला "बाई" म्हणायची आणि तुझ्या घरी कुणी वाट पाहत नाही का, असं काळजीने विचारायची.

पाचव्या दिवशी सकाळी पट्टी काढून, हात धुऊन मी तिच्यासमोर बसले. विजया आणि बाळू दारात उभे. बाळूने त्यासाठी कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. ताराबाई कोलम अर्धवट सोडून कुंपणाशी आल्या होत्या.

"कुणाची गं तू?" आईने विचारलं. "हात दाव बघू."

मी डावा हात पुढे केला. आईने तो उलटा केला. थांबली. आपला हात त्याच्याशेजारी ठेवला. एक तुळस हिरवी पडलेली, एक काळीभोर, दोन्ही एकाच बाजूला कललेल्या. तिने बोटाने माझे ठिपके मोजले, मग आपले मोजले.

"छान केलंय," ती म्हणाली. "कुणाची म्हणालीस तू?"

बाळूने तोंड फिरवलं. मी सरळ सांगते, त्या क्षणी मला सगळं फुकट गेल्यासारखं वाटलं, आणि दीड हजारांबद्दल हे म्हणत नाहीये. आई अजून माझा हात धरून होती. तिने अंगठ्याने तुळस एकदा घासून पाहिली, निघते की काय ते बघायला.

"किती घेतलं?" तिने विचारलं.

"दीड हजार."

"किती?"

"दीड हजार, आई. खरं तर दोन सांगत होती, मी..."

"दीड हजार!" आई खुर्चीत ताठ झाली. "आम्हा तिघींचं मिळून दोन शेर जोंधळ्यात केलं होतं गोंदणारीनं. वर तिनं मीठ मागितलं, तेबी दिलं नाही आम्ही. लुटलं की गं तुला, सुमे!"

बाळू दारातून पुढे आला. "आई, कुणाला लुटलं?"

"हिला, सुमीला. आणखी कुणाला? दुकान चालवती म्हणं!"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हसले की रडले ते मलाच ठाऊक नाही. कुंपणापलीकडे ताराबाई पदराने डोळे पुसत होत्या. आई माझ्या डोक्यावर हात फिरवत, माणसाने भाव करताना कसं बोलावं ते मला दहा मिनिटं समजावून सांगत होती. त्या दहा मिनिटांत मी तिची मुलगी होते.

संध्याकाळी मी पुन्हा "बाई" झाले. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा हात पाहिला, पुन्हा भाव विचारला. मी दीड हजार म्हटलं तर नुसतं "बरं" म्हणाली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नाही नाही, चुकलं माझं. तीन हजार." आईने कपाळावर हात मारून घेतला. "सुमे, तुला अक्कल कधी येणार गं?"

निघायच्या दिवशी चार हजार झाले होते. सेंट्रलला सोडायला आलेला बाळू म्हणाला, "तायडे, भाव जरा बेताने वाढव. आकडे फार लवकर संपवशील." गाडी सुटली. आवडी पुन्हा खिडकीतून सरकलं, पुन्हा न थांबता. या वेळी मला तोट्याचं काही वाटलं नाही. क्वार्टरच्या दिशेने नुसता हात हलवला.

आयुष्यभर मी विकत घेतलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत घरी कमी करून सांगत आले. साडी, मिक्सर, मुलीच्या लग्नातली पाटल्यांची जोडी, सगळी. आमच्या ह्यांना अजून एकाही गोष्टीचा खरा भाव माहीत नाही. आता दर रविवारी बाळू व्हिडिओ कॉल लावतो, मी कॅमेऱ्यासमोर हात धरते, आणि आई विचारते, किती घेतलं. परवा मी अकरा हजारांपर्यंत पोचले.

"अकरा हजार!" आई मोबाईलच्या पडद्यातून माझ्या अंगावरच आली. "सुमे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

अगदी ठिकाणावर आहे. येत्या रविवारी मी बारा सांगणार आहे.